पिंगयाओ (चीन): तटाच्या आत दोन मुक्काम पुरतील का? आणि दुकानांपलीकडे काय बघायचं?

गाठोडं_पाठीवर

मंडळी, एप्रिलअखेर शिआन ते बीजिंग असा आठ दिवसांचा बेत ठरतोय. मधे एखादं तटबंदीचं जुनं गाव बघावं असं डोक्यात आहे आणि जिथे शोधावं तिथे पिंगयाओचंच नाव येतंय. ३० एप्रिल ते २ मे असे दोन मुक्काम धरलेत. सोबत आई आहे. वय ६८, गुडघे कुरकुरतात, शाकाहारी, अंडंही चालत नाही.

शंका अशा: लीज्यांग किंवा वूझन ही दुसरी जुनी गावं सोडून इथे जाण्यात अर्थ आहे का? गाव खरंच जुनं आहे की पर्यटकांसाठी नव्यानं उभं केलंय? रेल्वेच्या ॲपवर पिंगयाओ नावाची दोन स्टेशनं दिसतात, उतरायचं कुठे? राहायचं तटाच्या आत की बाहेर? जेवणाचं काय? आणि मुख्य म्हणजे तिथे नेमकं बघायचं काय? जो तो ‘इमारती सुंदर आहेत’ एवढंच लिहितो. त्यापुढचं कुणी सांगेल का?

दगडी_जोतं

आधी तारखा बदला. १ मेपासून चीनमध्ये कामगारदिनाची मोठी सुट्टी लागते आणि त्या दिवसांत पिंगयाओच्या दक्षिण रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि रेल्वेची तिकिटं विक्री सुरू होताच उडतात. एक आठवडा अलीकडे या, तेही सोमवार ते गुरुवारच्या मधे. हवा तीच, गाव मात्र रिकामं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याबद्दलही हेच सांगेन. एप्रिलमध्ये कधीकधी उत्तरेकडून धूळ येते, म्हणून आईंसाठी मास्क ठेवा.

लीज्यांग पार युन्नानमध्ये, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. वूझन शांघायच्या बाजूला. तिथले कालवे सुंदर आहेत, पण त्याच्या पश्चिम भागातली मूळ वस्ती हलवून तो भाग पर्यटनासाठी नव्यानं मांडलाय. पिंगयाओ तुमच्या वाटेवरच आहे आणि तटाच्या आत आजही माणसं राहतात. दोरीवर कपडे, दारात सायकली, कोपऱ्यावर पत्ते कुटणारे म्हातारे, सगळं आहे. एक घोळ टाळा: पिंगयाओ शान्शी प्रांतात आहे आणि शिआन शाआन्शी प्रांतात. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ‘ए’चा फरक आहे. बुकिंग करताना तो नीट बघा.

आता जुनं की नवं. तट १३७० सालचा, मिंग राजवटीचा. घेर सहा किलोमीटरच्या किंचित वर, उंची साधारण दहा मीटर, सहा दरवाजे, ७२ टेहळणी बुरूज आणि सुमारे ३,००० कंगोरे. कन्फ्यूशियसचे ७२ पट्टशिष्य आणि ३,००० शिष्य यांवरून हे आकडे आल्याचं तिथे सांगतात. गावाला कासवाची उपमा देतात: दक्षिण दरवाजा डोकं, उत्तर दरवाजा शेपटी, पूर्व-पश्चिमेचे चार दरवाजे म्हणजे पाय.

तट म्हणजे विटांची भिंत, असं समजून बघाल तर गफलत होईल. गाभा ठोकून-ठोकून घट्ट केलेल्या मातीचा आहे. बाहेरच्या अंगाला विटांचं कवच, आतल्या अंगाला बऱ्याच ठिकाणी माती उघडी. वरच्या फरसबंदीचा उतार गावाच्या बाजूला दिलाय, म्हणजे पावसाचं पाणी आतल्या पन्हळींतून खाली उतरतं. पन्हळ तुंबली किंवा फरशीची फट उघडी राहिली की पाणी गाभ्यात मुरतं, माती जड होते आणि आतली बाजू घसरते. ऑक्टोबर २०२१ मध्ये दिवसेंदिवस पाऊस पडला तेव्हा तटाचा सुमारे २५ मीटरचा तुकडा असाच ढासळला. वर फिरताना आतल्या बाजूला वाकून बघा. जुनी माती, नवी ठोकलेली माती आणि डागडुजीच्या विटा असे तीन रंग वेगवेगळे ओळखू येतात. बाहेरच्या विटाही बऱ्याच ठिकाणी अलीकडच्या दुरुस्तीतल्या आहेत. तरी गाभा जुना, गल्ल्यांची आखणी जुनी आणि पावणेचार हजारांवर वाडे, त्यांतले चारेकशे चांगल्या अवस्थेत. शान्शीतल्याच दातोंग शहरात जसा तट २००८ नंतर जवळपास नव्यानं चढवला, तसं इथे झालेलं नाही.

गाव वाचलं त्यामागचं कारण फारसं रोमँटिक नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला पैसा आटला, पाडून नवं बांधायला कुणाकडे काही उरलं नाही. ऐंशीच्या सुमारास पैसा आला तसे रस्ते रुंद करायचे बेत निघाले आणि पाडापाडी सुरूही झाली. तेव्हा शांघायच्या तोंगजी विद्यापीठातले प्राध्यापक रुआन यीसान यांनी १९८१ मध्ये पर्यायी आराखडा दिला: जुनं गाव आहे तसं राहू द्या, नवं शहर तटाबाहेर वाढवा. १९९७ मध्ये गाव जागतिक वारसा यादीत गेलं. त्या नोंदीत तटाबाहेरची श्वांगलिन आणि झंगुओ ही दोन मंदिरंही आहेत, ती सोडू नका.

हुंडी_पेढी

‘बघायचं काय’ याला माझं उत्तर एका शब्दात: पैसा. पिंगयाओ हे देवळांचं किंवा राजवाड्यांचं गाव नव्हे, ते पेढ्यांचं गाव आहे. हे डोक्यात ठेवून फिरलात तर प्रत्येक वाडा बोलायला लागतो.

एकोणिसाव्या शतकापर्यंत व्यापारी चांदी खेचरांवर लादून न्यायचे, सोबत भाडोत्री लढवय्ये. हे लढवय्ये पुरवणाऱ्या कंपन्यांना ‘ब्याओजू’ म्हणतात. दक्षिण रस्त्यावर त्यांचं एक छोटं संग्रहालय आहे, भाले-तलवारींचं. पेढ्यांच्या आधी तिथे जा, म्हणजे पुढचं नीट उमगतं. पिंगयाओतल्या शीयूचंग या रंगाच्या दुकानाची शाखा बीजिंगमध्ये होती. ओळखीचे लोक इथे चांदी भरून तिथे उचलायचे. यातूनच १८२३ च्या सुमारास मालक ली दाछुआन आणि व्यवस्थापक लेई ल्यूताय यांनी रंगाचं दुकान बाजूला ठेवून रिशंगचांग ही निव्वळ हुंडीची पेढी काढली. आपल्याकडच्या हुंडीशी कल्पना अगदी जुळते: चांदी इथे, कागद हातात, चांदी तिथे. पुढे तीसहून जास्त गावांत तिच्या शाखा झाल्या.

पेढी पश्चिम रस्त्यावर आहे. आत गेल्यावर हे बघा:

पुढच्या चौकात दोन्ही बाजूंना गल्ले. कारकून ज्या विटांच्या चौथऱ्यावर बसायचा-झोपायचा, त्याच्या खाली चांदीचं तळघर. म्हणजे तिजोरीवरच माणूस निजलेला. दक्षिण रस्त्यावरच्या श्येतोंगछिंग पेढीचं तळघर याहून मोठं आहे आणि तिथे उतरता येतं. पायऱ्या अरुंद आहेत, आईंनी वरच थांबलेलं बरं.

मग सांकेतिक लिपी. रिशंगचांगमध्ये ती भिंतीवर लावलेली आहे आणि लोक तिच्यासमोरून फोटो काढत निघून जातात! हुंडीवर तारीख आणि रक्कम उघड लिहीत नसत. बारा महिन्यांसाठी बारा अक्षरांचं एक वाक्य होतं. त्याचा अर्थ साधारण असा: ‘खोटी हुंडी दाखवून कुणी पैसे उचलेल, सावध राहा, अक्षर आणि शिक्का नीट निरखायला विसरू नका.’ पहिलं अक्षर म्हणजे पहिला महिना, दुसरं म्हणजे दुसरा. तीस दिवसांसाठी पाच-पाच अक्षरांच्या सहा ओळी. त्यांत स्वार्थापोटी सदसद्विवेक मारणाऱ्याला आणि दुसऱ्याचं वाईट चिंतणाऱ्याला शेवटी फळ मिळतं, असं बजावलेलं. एक ते दहा या आकड्यांना आणखी दहा अक्षरं आणि दहा हजार, हजार, शंभर व ल्यांग (चांदी मोजायचं चिनी वजन) यांना चार अक्षरं. त्यामुळे चौथ्या महिन्याच्या सातव्या दिवसाची पाचशेची हुंडी म्हणजे बाहेरच्याला नुसती चार-पाच असंबद्ध अक्षरं दिसायची. ठरावीक काळानं वाक्यं बदलत. त्यावर कागदात पाणछाप, ठरलेल्या कारकुनाचंच हस्ताक्षर आणि शिक्के. शाखेत त्या हस्ताक्षराचा नमुना ठेवलेला असे. अक्षर जुळलं नाही तर पैसे नाहीत.

आतल्या दालनात भागीदारीचे तक्ते आहेत. भाग दोन प्रकारचे: भांडवल घालणाऱ्याचे ‘चांदीचे भाग’ आणि काम करणाऱ्याचे ‘अंगाचे भाग’. शिकाऊ पोऱ्याला सुरुवातीची वर्षं पगार जवळपास नाहीच, जेवण आणि शिस्त तेवढी. टिकला तर पुढे अंगाचा भाग आणि नफ्यात वाटा. तोट्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर नाही, ती मालकावर. दूरच्या शाखेवरची नेमणूक साधारण तीन वर्षांची, बायकामुलं गावातच. वाड्यांतली ती उंच, एकाकी मागची दालनं बघताना हे लक्षात ठेवा.

शेवट कसा झाला? सरकारी आणि नव्या पद्धतीच्या बँका आल्या, १९११ च्या क्रांतीत शाखा लुटल्या गेल्या, दिलेली कर्जं बुडाली. १९१४ मध्ये रिशंगचांगचं दिवाळं निघालं. अमर्याद जबाबदारीचा धंदा, म्हणून मालकांची घरंदारंही गेली.

रिशंगचांगला सकाळी उघडल्या-उघडल्या पोचा. दहानंतर भोंगे घेतलेले गट येतात आणि ते चौक फार लहान आहेत.

रूळ_बदललेत

स्टेशनाचं सांगतो, कारण इथेच जास्त लोक फसतात. ‘पिंगयाओ गूचंग’ या नावाचा अर्थच ‘पिंगयाओ जुनं गाव’, पण ते स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे, जलदगती मार्गावर. नुसतं ‘पिंगयाओ’ हे जुनं स्टेशन तटापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, पण तिथे साध्या, संथ गाड्या थांबतात. शिआनहून (शिआन उत्तर स्टेशनातून) जलदगती गाडीनं साधारण तीन तासांत गूचंगला पोचता. पुढे बीजिंग चार-साडेचार तास. काही गाड्यांना ताययुआन दक्षिणला बदल करावा लागतो. तिथेही ‘ताययुआन’ आणि ‘ताययुआन दक्षिण’ वेगळी स्टेशनं आहेत.

गूचंग स्टेशनाबाहेरून १०८ क्रमांकाची बस जुन्या गावाकडे जाते. टॅक्सीला वीस-तीस युआन पडतात. आई सोबत आहेत तर टॅक्सीच घ्या, पण स्टेशनाच्या आतच गळ्यात पडणाऱ्या माणसाची नको. ॲपवरून बोलवा किंवा रांगेतली घ्या.

तिकिटं १५ दिवस आधी खुली होतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमानं टाका. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित फाटकं चिनी ओळखपत्रासाठी असतात. तुम्ही कडेच्या, माणूस बसलेल्या फाटकातून जा. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि मग विनवण्यांचा उपयोग नसतो. सामान क्ष-किरण यंत्रातून जातं. फळं कापायची सुरी असली तर काढून घेतात.

पैसे: यूपीआय विसरा. अलीपे किंवा वीचॅट या चिनी ॲपमध्ये भारतातूनच व्हिसा-मास्टरकार्ड जोडून, पासपोर्टची पडताळणी उरकून निघा. तिथे गेल्यावर बँकेचा ओटीपी आला नाही तर सगळं अडतं. एका वेळी २०० युआनच्या वरच्या रकमेवर साधारण तीन टक्के शुल्क लागतं, म्हणून मोठी बिलं शक्य तर तोडून द्या. पाचशे-सातशे युआन रोख ठेवा, सुट्ट्या नोटांत. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाहीत, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतात. नकाशाला गाओदे हे चिनी ॲप वापरा.

व्हिसा आधी काढावाच लागेल. वाटेत व्हिसाशिवाय २४० तास थांबू देणारी ट्रान्झिट सवलत भारतीय पासपोर्टला नाही. उगाच कुणी सांगितलं म्हणून भरवशावर राहू नका.

खरं तर एवढ्या घाईच्या प्रवासात मुक्काम न करता सकाळी शिआनहून येऊन रात्री बीजिंगला जाणंही जमतं. सामान स्टेशनावर ठेवायचं.

दगडी_जोतं

@रूळ_बदललेत, बाकी सगळं मान्य, शेवटचं नाही. दिवसा दहा ते पाच हाच गावाचा सगळ्यात वाईट वेळ. सकाळी सातला आणि रात्री नवानंतर गल्ल्या रिकाम्या होतात, तेव्हाच ते गाव दिसतं. एका दिवसात येऊन गेलेल्यांच्याच तोंडी ‘नुसता बाजार आहे’ हे वाक्य असतं. दोन रात्री हव्यात आणि तटाच्या आतच.

उंबरठ्यावर

मुक्कामाचं मी लिहितो.

आतले बहुतेक मुक्काम जुन्या वाड्यांत आहेत. इथला वाडा आपल्या चौसोपी वाड्यासारखा ऐसपैस नाही. चौक अरुंद आणि लांबट, एकामागे एक दोन किंवा तीन. बाजूच्या खोल्यांची छपरं एकाच उताराची, उतार चौकाकडे. बाहेरच्या बाजूला उंच, बिनखिडकीची भिंत. त्यानं वारा-धूळ अडते, चोराला चढायला आधार मिळत नाही आणि पावसाचं पाणी, म्हणजे लक्ष्मी, आपल्याच अंगणात पडते. मागची मुख्य खोली विटांच्या कमानीची, गुहेसारखी. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. दारातून आत शिरताच समोर आडवी भिंत येते, ती नजर आणि भुतंखेतं दोन्ही अडवायला. तिच्यावरचं विटांचं कोरीवकाम जवळून बघा.

झोपायचं ‘कांग’वर. खोलीची अख्खी रुंदी व्यापणारा विटांचा चौथरा, पूर्वी चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरवून तापवत. आता बहुधा विजेची गादी असते. दोन अडचणी: कांग गुडघ्याच्या वर येईल इतका उंच असतो आणि गादी पातळ. आईंसाठी साध्या पलंगाची खोली मागा किंवा जादा गादी आणि पायाखाली चौरंगासारखं काहीतरी आधीच सांगून ठेवा. खोली तळमजल्यावरची घ्या. न्हाणीघर खोलीला जोडलेलं आहे ना आणि त्याला खिडकी आहे ना, हे विचारा. जुन्या वाड्यांत नळकाम मागाहून घुसवलेलं आहे. खिडकी नसली की मोरीचा वास खोलीत येतो. दक्षिण आणि पश्चिम रस्त्यांच्या तोंडावरचा वाडा नको, रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात. दोन गल्ल्या आत गेलं की चिडीचूप.

परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद करावी लागते आणि ती मुक्कामाची जागाच करते. लहान जागांना ती पद्धत माहीत असतेच असं नाही, म्हणून बुकिंग झाल्यावर ‘भारतीय पासपोर्ट आहे, नोंद कराल ना?’ असा निरोप पाठवून होकार घ्या.

दिवसा मोटारी आत जात नाहीत. टॅक्सी दरवाजाशी सोडते. मुक्कामाचे लोक विजेची गाडी पाठवतात, पण आधी कळवलं तरच. फरसबंदीवर बॅगेची चाकं टिकत नाहीत.

तिकीट: गावात शिरायला काही लागत नाही, गल्ल्या मोफत. तट आणि वीसेक वास्तूंचं एकत्र तिकीट साधारण १२५ युआनचं, तीन दिवस चालतं, पण प्रत्येक ठिकाणी एकदाच आत सोडतात. तेव्हा तटावर जायची वेळ विचार करून निवडा, दुपारी सावली अजिबात नाही. सुटी तिकिटं मिळत नाहीत असं धरूनच चाला. ज्येष्ठांची सवलत खिडकीवर पासपोर्ट दाखवून विचारा. तटावर कुठल्या दरवाजातून चढायचं ते दुरुस्तीप्रमाणे बदलतं, तेही तिकीट घेतानाच विचारा. सहा किलोमीटरची पूर्ण फेरी आईंना नकोच. एक जिना चढून दोन-तीन बुरूज बघून उतरा.

आणखी एक सूचना गुडघ्यांसाठी: प्रत्येक वास्तूला पाच-सहा उंबरठे, काही टीचभर, काही पार गुडघ्यापर्यंत. दिवसाला तीन-चार वास्तू पुष्कळ झाल्या. माझी निवड रिशंगचांग, जुनी सरकारी कचेरी, शहरदेवाचं देऊळ आणि कन्फ्यूशियसचं देऊळ. कचेरी आणि शहरदेव मुद्दाम एकाच दिवशी बघा. मुख्य रस्त्याच्या पश्चिमेला जिवंतांचा न्याय करणारा अधिकारी, पूर्वेला मेलेल्यांचा न्याय करणारा देव, दोघांचा हुद्दा सारखाच. कन्फ्यूशियसच्या देवळातलं मुख्य दालन ११६३ सालचं, म्हणजे तटापेक्षा दोनशे वर्षांनी जुनं.

गाठोडं_पाठीवर

बाप रे, एवढं अपेक्षित नव्हतं! तारखा आठवडाभर अलीकडे घेतल्या, मंगळवार ते गुरुवार, दोन रात्री. तीन गोष्टी राहिल्या: ती दोन मंदिरं अर्ध्या दिवसात होतील का, आईच्या जेवणाचं काय, आणि तिथे मिळणाऱ्या काळ्या चकचकीत डब्या घ्याव्यात का? सावंतवाडीसारखंच लाखकाम आहे ना ते?

शाडू_आणि_पेंढा

मंदिरांना सकाळचा अर्धा दिवस पुरतो. श्वांगलिन नैर्ऋत्येला सहा-सात किलोमीटर, झंगुओ ईशान्येला बाराएक. दोन्ही विरुद्ध दिशांना, म्हणून टॅक्सी थांबवून ठेवायच्या बोलीनं घ्या, भाडं आधी ठरवा. तिकिटं वेगळी, त्या १२५ मध्ये नाहीत. आई एकच करणार असतील तर श्वांगलिन.

श्वांगलिनमध्ये दोन हजारांवर मूर्ती आहेत, सगळ्या मातीच्या. आत लाकडाचा सांगाडा, त्यावर पेंढा घातलेली जाड माती, वर तंतू मिसळलेल्या बारीक मातीचा हात, मग रंग. बंगालमधल्या दुर्गेच्या मूर्ती घडताना पाहिल्या असतील तर ही रीत लगेच ओळखू येईल. फरक हा की त्या विसर्जनासाठी, या शेकडो वर्षं उभ्या राहण्यासाठी.

दालनांत दिवे नाहीत आणि मूर्तींपुढे जाळी आहे. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही आणि बहुतेक लोक तेवढ्यात बाहेर पडतात. थांबा. जाळीच्या अगदी जवळ उभं राहून डोळे सरावू द्या. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दारातून तिरपा उजेड येतो, तेव्हा चेहरे उजळतात. फ्लॅश नको, टॉर्चही नको.

हजार बुद्धांच्या दालनातला वेइतुओ चुकवू नका. हा म्हणजे आपला स्कंद, कार्तिकेय, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला आणि धर्माचा रक्षक झालेला. चिलखत घातलेला, पाय एकीकडे, कंबर दुसरीकडे, मान तिसरीकडे वळलेली. मातीला इतका पीळ देऊन ती उभी कशी राहिली हे बघत बसावं. अर्हतांच्या (बुद्धाच्या मुक्ती मिळालेल्या शिष्यांच्या) दालनात अठरा जण, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्यांतला ‘मुका अर्हत’ ओठ मिटून, डोळ्यांनी सगळं बोलतोय. पुढच्या दालनाच्या ओसरीत चार प्रचंड द्वारपाल बसलेत, ते उघड्यावर असल्यानं सर्वांत आधी दिसतात.

झंगुओ छोटं आणि बहुधा निर्मनुष्य. वान्फो दालन ९६३ सालचं, लाकडी. दालन तीन खणांचं, पण छपराखालची लाकडी कोष्ठकं, म्हणजे छपराचा भार पेलणारे एकमेकांत अडकवलेले आधार, इतकी मोठी की खांबांवर दुसरी इमारत बसवल्यासारखं वाटतं. भूकंपात ही कोष्ठकं सांध्यांत थोडी हलतात आणि धक्का पचवतात, सगळं घट्ट ठोकलेलं नसतं म्हणूनच ते टिकलं. आतल्या अकरा मूर्तीही त्याच काळातल्या. लाकूडकामाची आवड नसेल तर पाच मिनिटांत संपेल, असेल तर तास जाईल.

मेतकूट_भात

जेवण. पिंगयाओची प्रसिद्धी गोमांसाची, दुकानोदुकानी लाल पाकिटांच्या राशी. त्यामुळे ‘भाजीत मांस नाही’ एवढ्यावर विसंबू नका, रस्सा आणि चरबी विचारा. ‘वो छ्र सू’ म्हणजे मी शाकाहारी. पण ऐकणारा ‘सू’चा अर्थ ‘मांसाचे तुकडे नकोत’ एवढाच घेऊ शकतो. फोनवर चिनीत लिहून ठेवा: मांस, मासे, अंडं, चरबी, मांसाचा रस्सा, कोंबडीची पावडर नको, तेल चालेल. कोंबडीची पावडर मुद्दाम लिहा, ती भाजीतही सर्रास पडते.

चालण्यासारखं: खावलाओलाओ, म्हणजे ओटच्या पिठाच्या पातळ नळ्या, मधाच्या पोळ्यासारख्या उभ्या रचून वाफवलेल्या. पोटाला छान, पण सोबत बहुधा मेंढीच्या मांसाचा किंवा टोमॅटो-अंड्याचा रस्सा येतो. तो नको म्हणून नुसतं व्हिनेगर, तिखट तेल आणि लसूण मागा. वानतुओ म्हणजे पिठाची वाफवलेली, गार करून कापलेली वडी, आपल्या पाटवडीच्या जवळची. ती बटाट्याबरोबर परततात, मांसाशिवाय सांगायची. बटाट्याचे तिखट-आंबट काप, टोफू, वांगं सगळीकडे असतं. शान्शीचं जुनं काळं व्हिनेगर टेबलावरच असतं, ते सढळ हातानं घ्या.

आईंसाठी मेतकूट, चटण्या आणि गरम पाणी ओतून होणारं काहीतरी न्याच, खोलीत किटली असते. साधा भात मागितला की मिळतो. तूप, पेढे, चीज, ताजी फळं मात्र सामानात नकोत, चीनमध्ये दुग्धजन्य पदार्थ आणि फळं न्यायला मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात.

राळ_नव्हे_चीक

डब्यांबद्दल. सावंतवाडीशी तुलना दिसायला ठीक, पदार्थ मात्र वेगळा. आपली लाख किड्यापासून येते आणि उष्णतेनं मऊ होते. पिंगयाओचं लाखकाम म्हणजे एका झाडाचा चीक. ते झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं. कच्चा चीक अंगाला लागला तर बिब्बा उतल्यासारखं होतं, म्हणून कारागिरांचे हात सुरुवातीला सुजतात. पूर्ण वाळलेल्या डबीचा मात्र काही त्रास नाही.

रीत अशी: लाकडी डबीवर कापड आणि भुकटीचं लिंपण, त्यावर चिकाचे एकावर एक थर. प्रत्येक थर दमट, सावलीच्या खोलीत ठेवतात, कारण हा चीक उन्हात वाळत नाही, हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो. मग पाण्यानं घासायचा आणि पुढचा थर. शेवटची चकाकी कारागीर तळहातानं आणतो: तेलाचा थेंब, बारीक भुकटी आणि तासन्‌तास चोळणं. या कामाचं नावच ‘ढकलून आणलेली चकाकी’ अशा अर्थाचं आहे. २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत ते गेलं.

ओळखायचं कसं? तीस-चाळीस युआनला मिळणाऱ्या डब्या भुसापट्टीच्या असतात, वर साधा रंग. झाकण उघडून वास घ्या, थिनरचा झणका आला तर ठेवून द्या. तिरप्या उजेडात धरा. खऱ्या डबीचं काळं खोल आणि शांत दिसतं, खोटीवर नारिंगी सालीसारखे बारीक खड्डे किंवा ब्रशच्या रेघा असतात. झाकणाच्या आतली बाजू आणि तळही बाहेरच्याइतकाच घोटलेला हवा. सोनेरी रेघ नखानं हलकेच चाचपली तर किंचित उठावदार लागते, छापील असली तर सपाट.

घरी आणल्यावर हीटरजवळ, खिडकीतल्या उन्हात किंवा एसीच्या झोताखाली ठेवू नका, लाकूड आकसून सांध्याला चीर जाते. कोकणातली दमट हवा तिला मानवते. पुसायला सुती मऊ फडकं, हवं तर किंचित ओलं. पॉलिश काही लावायचं नाही.